सरसाने चिकटवलेला ब्युटेन

आमच्या शाळेत त्यांना सगळे ‘वन्सं’ म्हणत. हे नाव त्यांच्या भावजयीने पाडलं, आणि ते काही प्रेमाने नव्हे. नणंद प्रयोगशाळेची प्रमुख, भावजय वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवणारी. दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकाच जिन्याने शाळेत चढायच्या, फक्त एक दुसरीच्या पुढे दहा पायऱ्या तरी असायची. एकदा शिक्षकखोलीत भावजय सर्वांदेखत दात आवळून म्हणाली, “वन्सं, कपाटाची किल्ली मिळेल का, की त्यासाठीही अर्ज करायचा?” त्या दिवसापासून शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी वन्सं बसलं. उत्तरादाखल वन्संनी ‘वहिनी’ हा शब्द असा काही खेचून उच्चारायला सुरुवात केली की भावजयीलाही शाळाभर तेच नाव पडलं.

शिक्षकखोलीत माझी खुर्ची त्या दोघींच्या मधली. त्यामुळे मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

वन्सं उंच, काटकुळ्या. पांढऱ्या कोटाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असायचा. जिन्यावर तो वाजला की खालच्या वर्गातली मुलं आपोआप सरळ बसत. परीक्षानळ्या त्या कुणाला धुवू देत नसत. एखाद्या मुलीचं बोट काचेने कापलं तर पट्टी बांधता बांधता म्हणत, “रड, अजून मोठ्याने रड. एवढीशी तर जखम आहे, कुणाला कळायची कशी?” आणि पट्टी मात्र इतकी हलक्या हाताने बांधत की मुलगी रडायची विसरून जायची. त्यांचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

घरी त्यांचं आणि वहिनींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सुरुवात गॅसच्या बटणापासून झाली म्हणतात. वहिनी भांडं ठेवून आच मोठी करत. त्या वळल्या की वन्सं येऊन बारीक करत. वहिनी परत मोठी करत. दोघी एक शब्द बोलत नसत. पुढे पुढे तर सरळ बोलणंच संपलं. मधे होता वन्संचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा. “तिला सांग, माझा टॉवेल खिडकीतून काढू नकोस.” “त्यांना सांगा, खिडकी उजेडासाठी असते.” दोघी समोरासमोर बसलेल्या, आणि हा बिचारा इकडून तिकडे मान वळवतो आहे. आम्ही त्याचं नाव ‘निरोप्या’ ठेवलं होतं. त्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, “निरोप्याला निदान सुटीचा दिवस असतो हो.”

त्या दोघींच्या वैराची खरी गाठ मात्र प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात होती.

वन्संचे वडील, अप्पा, कातारी होते. लेथवर लाकूड फिरवून खाटांचे पाय आणि जिन्याचे कठडे करायचे. मुलगी शाळेत नोकरीला लागली तेव्हा तिच्यासाठी त्यांनी रेणूंच्या प्रतिकृतींचा एक संच केला. काळा गोळा म्हणजे कार्बन, पांढरा छोटा गोळा म्हणजे हायड्रोजन, आणि जोडायला काड्या. काळ्या गोळ्याला चार भोकं, आणि ती अशा कोनांत पाडलेली की काड्या घालून गोळा कुठल्याही तीन काड्यांवर उभा केला की चौथी थेट छताकडे बघायची. अप्पांना रसायनातलं काही येत नव्हतं. लेकीने कागदावर कोन काढून दिले, त्यांनी लाकडात उतरवले. पुढे वर्षानुवर्षं ते गोळे हाताळून मुलांनी गुळगुळीत केले.

आणि पळवलेही. पांढरे गोळे गोट्या म्हणून फार चांगले चालत. दरवर्षी काही हायड्रोजन मुलांच्या खिशांतून मैदानावर जायचे, आणि अप्पा घरी नवे करून द्यायचे. मग अप्पा गेले. लेथ विकला गेला. त्या सुटीत वन्सं एकट्या प्रयोगशाळेत बसल्या आणि सुतारांचा सरस पातळ करून त्यांनी प्रत्येक काडी प्रत्येक भोकात चिकटवून टाकली. मिथेन, इथेन, प्रोपेन. ब्युटेनचे दोन नमुने होते. त्यातला एक त्यांनी लांब ताणलेला चिकटवला, दुसरा मधल्या बंधापाशी मुरडून, दोन्ही टोकं जवळ आलेला. खाली चिठ्ठ्या लावल्या: ‘ब्युटेन, लांब’ आणि ‘ब्युटेन, आखूड’. गोळे जाणं बंद झालं.

वहिनी लग्न होऊन घरात आल्या, मग शाळेत लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात कपाटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, हे वळत कसं नाही?”

वन्सं म्हणाल्या, “वळायला ते काय दाराचं कडं आहे?”

“एकेरी बंध वळायलाच हवा. तेच तर शिकवायचंय.”

“तोंडाने शिकवा. अप्पांच्या हातचं आहे ते, खेळणं नाही.”

दुसऱ्या दिवशी वन्सं खालच्या वर्गावर असताना वहिनींनी शिपायाकडून पक्कड आणली आणि इथेनची मधली काडी पिळली. काडी वळली नाही. काळ्या गोळ्याला उभी चीर गेली.

तो चिरलेला गोळा वन्संनी पुढे कधी काढला नाही. कपाटात सर्वांत पुढे, नजरेच्या पातळीवर ठेवला. वहिनी जेव्हा जेव्हा प्रयोगशाळेत शिरत, तेव्हा तो समोर दिसे. किल्ली मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही.

वहिनी काही कमी नव्हत्या. त्या वर्गात बटाटे न्यायला लागल्या. दोन बटाटे एका सुईत ओवायचे, प्रत्येकाला बाहेरच्या अंगाला तीन तीन काड्या खोचायच्या: झालं इथेन. मग एक बटाटा धरून दुसरा फिरवायचा. एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. वहिनी सुईच्या रेषेत डोळा लावून मुलींना बघायला सांगत होत्या.

“काय दिसतं?”

“तीनच काड्या, बाई.”

“बाकीच्या तीन?”

“पुढच्यांच्या बरोबर मागे लपल्यात.”

“रेणूला हे आवडत नाही. समोरासमोर आले की बंध एकमेकांना ढकलतात, वन्सं आणि मी जिन्यात भेटल्यासारखे.” मुली खिदळल्या. वहिनींनी बटाटा थोडा फिरवला. “आता?”

“आता सहा दिसतात. मागच्या काड्या पुढच्यांच्या फटीत आल्या.”

“इथे त्याला बरं वाटतं. तो जास्त वेळ असाच राहतो. पण अडकून बसत नाही हं. खोलीत आहे एवढी ऊब त्याला पुढच्या फटीत उडी मारायला पुरते. तुम्ही ‘इथेन’ म्हणेपर्यंत त्याच्या अब्जावधी उड्या होऊन जातात. ब्युटेनचंही तसंच. मधल्या बंधाभोवती वळला की कधी लांब, कधी आखूड. टोकं दूर असली की गर्दी कमी, म्हणून लांब रूप जरा सोयीचं. पण पदार्थ एकच. बाटलीतून लांब ब्युटेन वेगळा काढून द्या असं कुणी म्हणालं तर त्याला हसा.”

मग त्यांनी मधे दोन सुया ओवलेले बटाटे काढले. ते काही केल्या फिरेनात. “हा दुहेरी बंध. इथे बाजू बदलता येत नाही. म्हणून टोकं एका बाजूला असली तर एक पदार्थ, विरुद्ध बाजूंना असली तर दुसरा. दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळे उत्कलनबिंदू. तेव्हा नियम काय? शंका आली की वळवून बघा. वळलं तर पदार्थ एक, नाही वळलं तर दोन.”

मुलींनी तो नियम घोकला. त्या मुलींमध्ये वहिनींची स्वतःची मुलगी होती, वन्संची भाची.

या मुलीबद्दल सांगायला हवं. घरातली ती एकटीच जण दोघींशीही बोलायची. आईकडून गणितं शिकायची, लहानपणी प्रयोगशाळेत आत्याच्या मांडीवर बसून तिने ते लाकडी गोळे चोखले होते. तिला पुढे औषधशास्त्र शिकायचं होतं, आणि त्यासाठी प्रात्यक्षिकाचे गुण लागत होते. तोंडी परीक्षेत शून्य म्हणजे प्रात्यक्षिकात नापास, आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे ते दार बंद.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. जाडजूड गृहस्थ, कपाळाला कायमची आठी. मुलगी परीक्षेला म्हणून आईला नियमाने खोलीबाहेर राहावं लागलं. पर्यवेक्षक म्हणून मी होते, आणि उपकरणं मांडून देण्यापुरत्या वन्सं.

परीक्षकांनी कपाटाकडे पाहिलं. “ही खेळणी काढा.”

वन्संच्या नाकपुड्या फुगल्या. पण त्यांनी दोन्ही ब्युटेन टेबलावर ठेवले, चिठ्ठ्यांसकट.

भाची समोर आली. परीक्षकांनी विचारलं, “ह्या दोन प्रतिकृती एका पदार्थाच्या की दोन?”

मुलीने चिठ्ठ्या वाचल्या. आईचं ‘पदार्थ एकच’ तिला आठवलं असणार, पण दोन चिठ्ठ्या बघून शंका आली, आणि शंकेला नियम एकच होता: वळवून बघा. मग एक प्रतिकृती उचलली, मधल्या बंधाच्या दोन्ही अंगांना बोटं धरली आणि वळवून पाहिली. वळेना. दुसरी वळवून पाहिली. तीही वळेना. तिने मान वर केली आणि ठामपणे सांगितलं, “दोन, सर.”

“का?”

“वळत नाही म्हणून.”

परीक्षकांनी पुढे काही विचारलं नाही. पेन उचललं आणि शून्य मांडलं. “पुढची.”

मी वन्संकडे पाहिलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत इतका घट्ट धरला होता की एरवी वाजणाऱ्या किल्ल्या अजिबात वाजत नव्हत्या.

मधल्या सुटीत शिक्षकखोलीत जे झालं ते ऐकून शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातूनच परत गेला. कित्येक वर्षांनी त्या दोघी एकमेकींशी सरळ बोलत होत्या.

“माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही, वन्सं! सरस लावून!”

“सरसाने तोंड उघडलं नाही, वहिनी. वळलं नाही तर दोन, हे तिला कुणी शिकवलं? तुमच्या बटाट्यांनी.”

“नियम बरोबर आहे माझा!”

“लाकडालाही लावायचा का बरोबर नियम? मग खुर्चीचे पाय वळत नाहीत, खुर्चीही दुहेरी बंधाची असेल.”

“लाकूड तुमच्या लेबलांनी बोलतं. लांब आणि आखूड! लहानपणापासून पोरगी ती लेबलं वाचतेय. दोन नावं, दोन चिठ्ठ्या, वर पक्कं चिकटवलेलं. कुणीही दोनच म्हणेल.”

“गोळे पळवत होती तुमची गुणी पोरं.”

“पळवू द्यायचे होते! रेणू पळाले असते, शाळा नसती पळाली.”

“तुमच्या बापाने केले असते म्हणजे मग कळलं असतं,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम चिरला. त्यांना त्याचाच जास्त राग आला. त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. त्या परीक्षकांशी बोलून आल्या होत्या. उपकरण सदोष होतं असं प्रयोगशाळाप्रमुखांनी त्यांच्यासमोर सांगितलं, तर दुसरी तुकडी संपल्यावर ते मुलीला पुन्हा विचारायला तयार होते. “पण वन्सं,” त्या जपून म्हणाल्या, “नियम तुम्हाला ठाऊक आहे. सदोष ठरलेलं उपकरण शाळेत ठेवता येत नाही. भंगारात जातं. सगळा संच.”

मला वाटलं वहिनींच्या चेहऱ्यावर विजय दिसेल. दिसला नाही. त्या नणंदेच्या पाठीकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग होता, भीती होती, आणि विनवणी करावी लागेल की काय याची चीडही होती.

वन्सं बाहेर पडल्या. किल्ल्या जिन्यावर वाजत वर गेल्या. क्षणभराने वहिनी त्यांच्या मागे धावल्या, आणि या दोघी आता एकमेकींचं काय करतील या धास्तीने मीही.

प्रयोगशाळा रिकामी होती, परीक्षक दुसऱ्या तुकडीआधी जेवायला गेले होते. वन्संनी चंबूत पाणी घेतलं, बुचातून वाकवलेली काचनळी बसवली, खाली बर्नर पेटवला. नळीच्या टोकातून वाफेची बारीक धार यायला लागली. त्यांनी आखूड ब्युटेन दोन्ही हातांत धरला आणि मधल्या काडीचं तोंड त्या धारेत नेलं.

“काय करताय?” वहिनी दारातून म्हणाल्या.

“तिथेच थांबा. पक्कडवाले हात नकोत इथे.”

“अहो, पण...”

“सुतारी सरस वाफेने सुटतो. अप्पा खुर्च्यांचे सांधे असेच सोडवायचे.”

वहिनी थक्क झाल्या. “म्हणजे इतकी वर्षं हे सुटत होतं?”

“सुटत होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“विचारलं होतंत?”

“पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं!”

“विचारलं नव्हतंत. वळत कसं नाही म्हणून खडसावलं होतंत. आणि दुसऱ्या दिवशी पक्कड लावलीत.”

चंबूतलं पाणी आता खदखदायला लागलं होतं, वाफ गोळ्यावरून पसरून लाकूड भिजवत होती. वन्संचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी नजर न उचलता म्हटलं, “आच कमी करा.”

वहिनी पुढे आल्या. त्यांनी बर्नरची कळ फिरवली.

“इतकी नाही. थोडी वाढवा.”

“ठरवा एकदा काय ते!”

“आता बरोबर आहे. राहू द्या.”

बराच वेळ काही झालं नाही. मग लाकडाच्या तोंडाशी तपकिरी थेंब आला, खाली ओघळला, आणि वन्संच्या बोटांखाली काडी कुरकुरत हलली. अर्धा ब्युटेन वळला. टोकाचा कार्बन आपले तीन पांढरे गोळे घेऊन सावकाश दूर गेला, आणि आखूड होता तो लांब झाला. वन्संनी भिजलेलं लाकूड कोटाने पुसलं. मग त्यांनी दुसरा उचलला.

परीक्षक आले, तुकडी संपली, भाचीला बोलावलं, मुख्याध्यापिकाही येऊन बसल्या. वहिनी नियमाप्रमाणे दाराबाहेर गेल्या, पण दार पुरतं लागलं नाही, कारण त्यांचा पाय मधे होता.

“तर बाई,” परीक्षक वन्संना म्हणाले, “उपकरण सदोष होतं. मान्य?”

“उपकरण सदोष नव्हतं.”

मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले.

“लाकूड, कोन, भोकं, सगळं बिनचूक आहे,” वन्सं म्हणाल्या. “सरस मी लावला. जिथे वळायला हवं तिथे मी वळू दिलं नाही, आणि वर दोन चिठ्ठ्या लावल्या. चूक माझी आहे. आता ते वळतं, वळवून बघा. माणसाला भंगारात काढायचा नियम असेल तर तो मला लावा, ह्याला नाही.”

परीक्षकांनी आठी आणखी घट्ट केली. प्रतिकृती उचलून वळवली. पुन्हा वळवली. मग ती मुलीपुढे सरकवली.

“एक की दोन?”

मुलीने मधला बंध फिरवला, दोन्ही ब्युटेन शेजारी शेजारी ठेवले. ते सारखे दिसले. “एक, सर.”

“मघाशी दोन म्हणालीस.”

“मघाशी वळत नव्हतं, सर.”

“उद्धट आहे ही मुलगी.”

“उद्धट नाही,” वन्सं ताडकन म्हणाल्या. “मघाशी तुम्ही तिच्या हातात जे दिलंत ते ब्युटेन नव्हतंच. न वळणारं काहीतरी दिलंत, तिने न वळणाऱ्याचं उत्तर दिलं. तिच्या आईने तेच शिकवलंय, आणि ते बरोबर शिकवलंय.”

दाराच्या फटीतला पाय किंचित हलला.

परीक्षक काहीतरी पुटपुटले. आणखी दोन प्रश्न विचारले: टोकं समोरासमोर आली तर काय, लांब रूप सोयीचं का. मुलीने सांगितलं, “गर्दी, सर. जवळ आले की एकमेकांना ढकलतात.” त्यांनी शून्य खोडलं. पूर्ण गुण दिले नाहीत, पण पास होऊन वर उरतील एवढे दिले. जाताना वन्संना म्हणाले, “पुढच्या वर्षी प्लॅस्टिकचे आणा.” वन्सं म्हणाल्या, “पुढच्या वर्षी दुसरे परीक्षक आणू.” मुख्याध्यापिकांनी ते वाक्य खोकून झाकलं.

संच शाळेत राहिला. भाची आज औषधांच्या कारखान्यात काम करते.

यानंतर नणंद-भावजयीत गोडी आली असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी ते घर पाहिलेलं नाही. त्या फक्त सरळ भांडायला लागल्या. निरोप्याची नोकरी गेली. तो मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “आता दोघी थेट बोलतात हो. आवाज दुप्पट झालाय घरात. पण माझी मान दुखायची थांबली.”

त्या सुटीत वन्संनी सगळे सांधे वाफेवर सोडवले. वहिनी बर्नरशी उभ्या, मी कोपऱ्यात. सगळ्यात शेवटी एक नमुना उरला, मधे दोन काड्या असलेला, दुहेरी बंधाचा. वहिनी म्हणाल्या, “ह्याला वाफ नका देऊ. हा न वळणाराच असतो.”

“ते मला सांगायला नको.”

“आणि ह्याला सरसाचीही गरज नाही. दोन काड्या आहेत, तसाही वळणार नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग सरसाचं भांडं का काढताय?”

“लावणार आहे,” वन्सं म्हणाल्या. “हा एक तरी माझ्या मनासारखा राहू दे.”

वहिनींनी कपाळावर हात मारला, आणि सरस गरम करायला आच मोठी केली. वन्संनी ती लगेच बारीक केली.